खान्देशात फिरताना कोणतं ॲप कुठवर साथ देतं: रेल्वे, एसटी आणि नकाशांची पारख

खान्देशातला प्रवास एका ॲपवर भागत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत रेल्वेचे दोन झोन येतात. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव हा पट्टा मध्य रेल्वेचा आहे. धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर असा सुरतेकडे जाणारा मार्ग पश्चिम रेल्वेचा. नवापूर ओलांडलं की गुजरात, शिरपूरच्या पुढे सेंधवा आणि रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर म्हणजे मध्य प्रदेश. वर सातपुडा आहेच, आणि अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांत रेंज एका वळणावर मिळते, पुढच्या वळणावर जाते. झोन, राज्य किंवा रेंज बदलली की ॲपची माहितीही बदलते, आणि हे बहुतेक प्रवाशांच्या लक्षात गाडी चुकल्यावर येतं.

म्हणून खाली प्रत्येक ॲप एकाच कसोटीवर तपासलं आहे: ते दाखवतं ती माहिती येते कुठून आणि किती शिळी असू शकते. दिसायला कसं आहे, रंग कोणते, याला इथे काही महत्त्व नाही.

रेलवन: तिकिटासाठी हेच आधी घ्या

रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेनं १ जुलै २०२५ रोजी रेलवन आणलं. त्याआधी आरक्षणाला एक ॲप, जनरल तिकिटाला यूटीएस, तक्रारीला रेलमदद असा पसारा होता. तो आता एका ठिकाणी आला आहे. आयआरसीटीसी किंवा यूटीएसचं जुनं खातं असेल तर तेच नाव आणि पासवर्ड चालतो, नवीन नोंदणी करू नका. एकदा आत गेलात की एमपिन ठरवून ठेवा.

खान्देशासाठी या ॲपची सगळ्यात मोठी सोय जनरल तिकिटाची आहे. भुसावळ-सुरत पॅसेंजरला किंवा चाळीसगाव-धुळे मेमूला रोज जाणाऱ्यांची खिडकीवरची रांग यात वाचते. अनारक्षित तिकीट निवडा, ‘कुठून’ आणि ‘कुठे’ भरा. स्टेशनचा कोड टाकला तर चूक होत नाही: जळगाव जेएल, भुसावळ बीएसएल, चाळीसगाव सीएसएन, धुळे डीएचआय, नंदुरबार एनडीबी, अमळनेर एएन. त्यानंतर गाडीचा प्रकार येतो, आणि बहुतेकांचा दंड इथेच ठरतो. साधी, मेल-एक्सप्रेस आणि सुपरफास्ट हे तीन वेगळे प्रकार आहेत. पॅसेंजरचं साधं तिकीट काढून एक्सप्रेसमध्ये बसलं, तर तिकीट असूनही भाड्याचा फरक आणि वर किमान २५० रुपये दंड भरावा लागतो. सुपरफास्टचा जनरल डब्यातला अधिभार फक्त १५ रुपये आहे. कोणती गाडी आधी येईल याची खात्री नसेल तर तो भरून मोकळं व्हावं.

दुसरी अडचण जागेची. पेपरलेस तिकीट स्टेशनच्या आवारात उभं राहून निघत नाही, कारण ॲप जीपीएसवरून तुमची जागा तपासतं. तपासनीस दिसल्यावर घाईनं तिकीट काढायची पळवाट बंद करण्यासाठी हा नियम आहे. पण प्रामाणिक प्रवासी फलाटावर पोचल्यावर फोन काढतो आणि अडकतो. तिकीट घरून किंवा रिक्षात बसल्यावरच काढावं. आवारात शिरलाच असाल तर तिकीट खिडकीपाशी लावलेला क्यूआर ॲपमधूनच स्कॅन करा, त्यावर तिकीट निघतं. फोनच्या साध्या कॅमेऱ्यानं स्कॅन करून काही होत नाही.

१९९ किलोमीटरपर्यंतच्या जनरल तिकिटावर ३ तासांच्या आत, किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत, प्रवास सुरू करावा लागतो. म्हणजे सकाळीच संध्याकाळचं तिकीट काढून ठेवता येत नाही. पेपरलेस तिकीट रद्दही होत नाही. तपासनिसाला ते ॲपमध्येच उघडून दाखवायचं असतं, स्क्रीनशॉट चालत नाही. त्यामुळे एकाच्या फोनवर तिकीट काढून दुसऱ्याला व्हॉट्सॲपनं पाठवणं म्हणजे विनातिकीट प्रवास. आई-वडिलांना एकटं पाठवायचं असेल तर त्यांच्याच फोनवर काढा, नाहीतर सरळ खिडकीवरून कागदाचं घ्या.

आरक्षणात गेल्या काही काळात बरंच बदललं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. १ जुलै २०२५ पासून तत्काळ तिकीट ऑनलाइन काढायला खातं आधारशी जोडलेलं असावं लागतं. तत्काळची वेळ तीच आहे: वातानुकूलितसाठी सकाळी १०, बाकीच्यांसाठी ११. पहिल्या अर्ध्या तासात एजंटांना मनाई आहे, हा नियम सामान्य प्रवाशाच्या बाजूचा आहे आणि त्याचा फायदा घ्यायला हवा. त्यासाठी आधारची जोडणी आदल्या दिवशीच करून ठेवा. १० वाजून ५ मिनिटांनी ओटीपीची वाट पाहत बसलेल्या माणसाला बर्थ मिळत नाही. प्रवाशांची नावं आणि वयंही ‘मास्टर लिस्ट’मध्ये आधी भरून ठेवावीत.

आता वेटिंगबद्दल, कारण इथे जळगाव-भुसावळचा प्रवासी वारंवार फसतो. या स्टेशनांवरून सुटणाऱ्या गाड्या कमी, पुढे जाणाऱ्या जास्त. त्यामुळे इथून काढलेलं तिकीट अनेकदा जीएनडब्ल्यूएलमध्ये, म्हणजे सर्वसाधारण वेटिंगमध्ये, न जाता आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएलमध्ये जातं, म्हणजे मधल्या स्टेशनांच्या छोट्या कोट्यात. १२ नंबरचं जीएनडब्ल्यूएल सुटू शकतं आणि ६ नंबरचं पीक्यूडब्ल्यूएल तसंच राहू शकतं. नंबर पाहण्याआधी ही अक्षरं पाहा. चार्ट झाल्यावरही ई-तिकीट पूर्ण वेटिंगमध्ये राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. त्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही.

यावर नियमात बसणारा एक उपाय आहे. गाडी जिथून सुटते तिथपासून जागा शिल्लक आहे का ते पाहायचं, तिकीट तिथून काढायचं आणि बोर्डिंग स्टेशन जळगाव निवडायचं. भाडं पूर्ण अंतराचं पडतं, पण जागा पक्की होते. बोर्डिंग नंतर बदलायचं असेल तर ॲपमध्ये दिलेल्या मुदतीच्या आत बदला. आणि हे पक्कं लक्षात असू द्या: बोर्डिंग बदललं की मूळ स्टेशनवरून चढायचा हक्क जातो. बदल न करताच पुढच्या स्टेशनवर चढायला गेलात, तर तपासनीस तुमचा बर्थ दुसऱ्याला देऊन मोकळा झालेला असू शकतो.

मुंबईला जाणाऱ्यांनी शोध दोनदा करावा. एक मार्ग चाळीसगाव, मनमाड, नाशिकरोड, कल्याणवरून दादर-सीएसएमटीला जातो. दुसरा नंदुरबार, उधना, वसई, बोरिवलीवरून. भुसावळहून सुटणारी खान्देश एक्सप्रेस या दुसऱ्या मार्गानं जाते. विरार, वसई, बोरिवली, अंधेरीकडे उतरायचं असेल तर कल्याण-दादरला उतरून लोकल बदलण्यात काही अर्थ नाही, पण नुसतं ‘मुंबई सीएसएमटी’ टाकून शोधणाऱ्याला हा पर्याय सहज दिसत नाही. बीव्हीआय (बोरिवली) आणि बीडीटीएस (वांद्रे टर्मिनस) हे कोडही टाकून पाहा. सुरतेचंही तसंच. तिथल्या स्टेशनच्या पुनर्विकासामुळे काही गाड्या उधन्याला हलवल्या गेल्या, म्हणून तिकिटावर सुरत आहे की उधना हे वाचूनच नातेवाइकांना घ्यायला बोलवा.

गाडी कुठे आहे: व्हेअर इज माय ट्रेन आणि एनटीईएस

व्हेअर इज माय ट्रेन हे ॲप बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्जनं बनवलं आणि २०१८ मध्ये गुगलनं ती कंपनी घेतली. तुम्ही गाडीत बसलेले असताना ते इंटरनेट किंवा जीपीएसशिवाय, जवळच्या मोबाईल टॉवरवरून गाडी कुठे आहे ते सांगू शकतं, हा त्याचा खरा गुण. वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं असतं. रात्री अडीच वाजता डेटा चालत नसताना पुढचं स्टेशन पाचोरा की जळगाव, हे ते सांगतं. उतरायच्या स्टेशनच्या आधीचा गजरही यात लावता येतो. रात्रीच्या गाडीला तो लावाच.

मर्यादाही याच गुणातून येते. टॉवर दाट असले तर जागा बरोबर येते. नवापूर-नंदुरबारकडच्या विरळ पट्ट्यात ठिपका एका जागी थांबतो आणि मग एकदम पुढे उडी मारतो. गाडी थांबली आहे असं समजून घाबरायचं कारण नाही. आणि तुम्ही घरी बसून पाहत असाल तर टॉवरचा काही संबंध उरत नाही, तेव्हा त्याला इंटरनेटच लागतं.

एनटीईएस हे रेल्वेचं स्वतःचं. गाडीची नोंद रेल्वेच्या नियंत्रण कक्षातून आणि अनेक इंजिनांवर बसवलेल्या आरटीआयएस या उपग्रहावर चालणाऱ्या यंत्रातून येते. दिसायला रुक्ष आहे, पण रद्द झालेल्या, मार्ग बदललेल्या आणि उशिरा सुटणाऱ्या गाड्यांची यादी इथे अधिकृत मिळते. भुसावळ विभागात हे फार कामाचं आहे. मनमाड-जळगाव तिसऱ्या मार्गाचं काम चालू आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच पट्ट्यातल्या चौथ्या मार्गाला आणि भुसावळ-खंडवा तिसऱ्या-चौथ्या मार्गाला केंद्रानं मंजुरी दिली. काम म्हणजे ब्लॉक, आणि ब्लॉक म्हणजे गाड्या रद्द किंवा अर्ध्यावर थांबवलेल्या. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी एनटीईएसवर गाडीचा नंबर टाकून पाहा. गाडी सुटायच्या स्टेशनची तारीख नीट निवडा. हावड्याहून निघालेली गाडी तुमच्या स्टेशनवर दुसऱ्या दिवशी येते, आणि आजची तारीख निवडून लोक उद्याच्या गाडीची स्थिती पाहत बसतात.

उशिराचा आकडा वाचायचीही एक रीत आहे. विभाग किंवा झोन जिथे संपतो त्याच्या आधी वेळापत्रकात जादा मिनिटं ठेवलेली असतात. जळगावला पश्चिम रेल्वे संपून मध्य रेल्वे सुरू होते. त्यामुळे अमळनेरला २० मिनिटं उशिरा दिसणारी गाडी जळगावला जवळपास वेळेवर लागू शकते. उशीर पाहून घरातून २० मिनिटं उशिरा निघणं धोक्याचं. उलटही होतं: भुसावळसारख्या गजबजलेल्या जंक्शनला फलाट मोकळा नसेल तर गाडी आउटरला उभी राहते. ॲपवर ‘५ मिनिटांत’ दिसत राहतं आणि प्रत्यक्षात पंधरा जातात.

कोणतं ठेवावं? गाडीत बसल्यावर पहिलं, घरातून निघण्याआधी दुसरं. फलाट क्रमांकासाठी दोन्हींवर विसंबू नका, घोषणा ऐका. डब्यांचा क्रम मात्र ॲपवर पाहून ठेवा. सामान घेऊन २० डबे पळण्यापेक्षा ते बरं.

एसटी: ‘गाडी नाही’ म्हणजे गाडी नाही असं नव्हे

एसटीच्या आरक्षण ॲपवर लांबच्या गाड्या चांगल्या मिळतात: पुणे, मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगर. पण जळगाव-चोपडा, अमळनेर-पारोळा, शहादा-धडगाव अशा साध्या गाड्या बहुतेक आरक्षणाला नसतात, म्हणून ॲपमध्ये दिसतच नाहीत. शोधल्यावर रिकामी यादी आली तर त्या रस्त्यावर एसटी नाही असं समजून महागडी खासगी गाडी ठरवू नका. स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या फलकाचा फोटो काढून ठेवा, डेपोच्या चौकशीचा नंबर जपून ठेवा. या बाबतीत खान्देशात अजून हेच सगळ्यात भरवशाचं साधन आहे. आणि धडगाव-मोलगीकडच्या काळी-पिवळी जीपचा पत्ता तर कोणत्याच ॲपला नाही. ती भरली की निघते.

नावांची गल्लत एसटीच्या ॲपवर जास्त होते. जळगाव टाकलं की बुलढाण्याचं जळगाव जामोदही यादीत येतं. शिरपूर धुळ्यात आहे तसं वाशिमलाही आहे. अमळनेर बीड जिल्ह्यातही आहे. अजिंठ्याचा घोटाळा सगळ्यात महाग पडतो: अजिंठा गाव घाट चढून वर आहे, लेणी खाली फर्दापूरजवळ. लेणी पाहायची असतील तर जळगावहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या गाडीनं फर्दापूरच्या फाट्यावर उतरायचं, तिथून लेण्यांपर्यंत एसटीचीच बस नेते. नकाशातही ‘अजिंठा’ न टाकता ‘अजिंठा लेणी’ टाका. लेणी सोमवारी बंद असतात. ॲपमध्ये सोमवारचं तिकीट मिळतं म्हणून लेणीही उघडी असतील असं नाही.

सवलती ॲपमध्येही मिळतात, पण वर्ग निवडताना चुकलं तर पूर्ण भाडं कापलं जातं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना सरसकट निम्मं भाडं आहे. ७५ वर्षांवरच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मा. वयाचा किंवा ओळखीचा पुरावा गाडीत जवळ हवा. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते. नंदुरबारहून सुरतला निघालेल्या गाडीत सीमेपुढचं भाडं पूर्ण लागतं, त्यावरून वाहकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही तर लगेच दुसरं काढू नका. व्यवहार क्रमांक टिपून ठेवा, थोडा वेळ थांबा, आणि ती जागा ॲपमध्ये अडकून पडलेली दिसली तरच वेगळी जागा घ्या.

सीमेपलीकडे तर साधनच बदलतं. गुजरातच्या एसटीचं आरक्षण ॲप वेगळं आहे. सुरत, सोनगड, व्याऱ्याकडून परतताना तेच उघडावं लागतं. मध्य प्रदेशात सरकारी बससेवा बंद पडून बराच काळ लोटला, तिथे सगळा कारभार खासगी बसचा. सेंधवा-इंदूर किंवा बऱ्हाणपूरकडे पुढचा प्रवास असेल तर खासगी आरक्षणाच्या ॲपवर चढायची जागा फोटो आणि फोन नंबरासह पाहून घ्या, कारण ‘सेंधवा बायपास’ आणि सेंधव्याचा स्टँड या दोन वेगळ्या जागा आहेत.

नकाशा: रेंज असताना तयारी, रेंज गेल्यावर उपयोग

गुगल मॅप्स महामार्गावर उत्तम आहे. सुरत-नागपूर महामार्गावर धुळे ते जळगाव, किंवा मुंबई-आग्रा मार्गावर लळिंग ते पळासनेर, तो वाहतूक आणि वेळ बऱ्यापैकी बरोबर सांगतो. महामार्ग सोडला की त्याची परीक्षा सुरू होते.

तोरणमाळचं उदाहरण घ्या. शहाद्याहून म्हसावदमार्गे सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता, शेवटी घाट. रेंज भरवशाची नाही. म्हणून शहाद्यातच, शक्य तर वायफायवर, ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या: वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर दाबा, ‘ऑफलाइन नकाशे’, मग ‘आपला नकाशा निवडा’. चौकटीत शहादा, तोरणमाळ, धडगाव, अक्कलकुवा आणि पलीकडचं खेतिया येईल इतकी ती मोठी करा. नुसतं तोरणमाळ घेतलं तर चुकीच्या फाट्यावर वळल्यावर नकाशा कोरा दिसतो. फाइल काहीशे एमबीची होते, फोनमध्ये जागा ठेवा. ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता दिसतो, पण वाहतूक कळत नाही, बसची माहिती मिळत नाही आणि पायी जायचा रस्ता काढून मिळत नाही. सातपुड्यात पायवाटेनं जाणाऱ्यांनी हे आधीच जाणून असावं, आणि वाटाड्या घ्यावा.

जीपीएसला रेंज लागत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. नेटवर्क नसताना फक्त पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं जास्त लागतात. म्हणून रेंज असतानाच नकाशा चालू करा आणि डोंगरात तो बंद करू नका. मदत मागायची वेळ आली तर निळ्या ठिपक्याजवळ बोट दाबून धरा. अक्षर-अंकांचा जो प्लस कोड दिसतो तो रेंज नसतानाही निघतो. कागदावर लिहा, आणि रेंजमध्ये जाणाऱ्या माणसाच्या हाती द्या. ११२ वर बोलणाऱ्याला ‘घाटात तिसऱ्या वळणावर’ यापेक्षा तो कोड उपयोगी.

पावसाळ्यात नकाशावर डोळे मिटून जाणं इथे खरंच जीवघेणं ठरू शकतं. कमी अंतराचा रस्ता दाखवताना नकाशाला फरशी पूल पाण्याखाली गेलाय का हे माहीत नसतं. कोणी कळवेपर्यंत रस्ता त्याच्या दृष्टीनं चालूच असतो. २०२३ च्या पावसाळ्यात सारंगखेड्याच्या तापी पुलाचा भराव वाहून गेला, ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नड घाटात दरडी कोसळल्या. अशा वेळी पहिले काही तास नकाशा जुनाच रस्ता दाखवत राहतो. कन्नड घाटाबद्दल आणखी एक: न्यायालयाच्या आदेशानं ऑगस्ट २०२३ पासून तिथे जड वाहनांना बंदी आहे. गुगल मॅप्सला तुमचं वाहन मोटार की ट्रक हे कळत नाही, तो चाळीसगावहून सरळ घाटाकडेच पाठवतो. मालवाहू गाडी असेल तर मार्ग आधी चालकांना विचारून ठरवा.

त्यासाठी दोन ॲप सोबत हवीत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’वर आपला जिल्हा निवडून ठेवला की पूर, अतिवृष्टी आणि उष्णतेच्या लाटेचे इशारे येतात. हतनूर धरणाचे दरवाजे ४१ आहेत. ते उघडायला लागले की खाली तापीकाठच्या रस्त्यांचा भरवसा संपतो, त्या दिवशी लांबच्या पण उंच पुलानं जा. ‘दामिनी’ वीज कडाडण्याचा अंदाज तुमच्या जागेवरून देतं. जूनच्या सुरुवातीला दुचाकीवर असाल तर तो उघडून पाहावाच.

टोलबद्दल थोडक्यात. खासगी मोटारीला फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून ‘राजमार्गयात्रा’ ॲपवर मिळतो. सुरुवातीचा दर ३,००० रुपये, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष यातलं जे आधी संपेल ते. सोनगीर, शिरपूर असे नाके ओलांडत धुळे-इंदूर जाणाऱ्याला तो लवकर वसूल होतो. प्रत्येक नाका एक फेरी धरला जातो आणि राज्य महामार्गावरच्या नाक्याला पास चालत नाही. फास्टॅग गाडीच्या नोंदणी क्रमांकावर असावा लागतो, नुसत्या चासी क्रमांकावर घेतलेल्याला पास मिळत नाही. महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३.

फोनच बंद पडला तर

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत नीट चालावेत असे बनवलेले असतात. काचेमागे उन्हात, नकाशा चालू, चार्जर लावलेला अशा अवस्थेत आधी पडदा मंद होतो, मग चार्जिंग थांबतं आणि शेवटी फोन स्वतःहून बंद होतो. फोन काचेवर न लावता एसीच्या झडपेसमोर लावा. कव्हर काढा. दुचाकीवर हँडलला लावण्यापेक्षा खिशात ठेवून कानात आवाज ऐका. तापलेला फोन बर्फाच्या बाटलीला टेकवू नका, आत दव धरतं. चार्जिंग सकाळी आणि संध्याकाळी करा, दुपारी फक्त गरजेपुरतं.

यूपीआय आता एसटीच्या वाहकाकडेही चालतं, पण त्याच्या यंत्राला आणि तुमच्या फोनला एकाच वेळी रेंज हवी. सातपुड्याच्या आठवडे बाजारात ती गृहीत धरू नका, दिवसाच्या खर्चाचे सुटे पैसे खिशात ठेवा. आधार आणि वाहनपरवाना डिजिलॉकरमध्ये असला तरी तो उघडायला पुन्हा इंटरनेट लागू शकतं. म्हणून निघण्यापूर्वी ॲप एकदा उघडून कागद दिसतो का ते तपासा, आणि रेल्वेच्या आरक्षित प्रवासात एक छापील ओळखपत्र ठेवाच.

घरातल्या ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यांच्यासाठी १३९ आहे. या नंबरावर गाडीची स्थिती, पीएनआर आणि तक्रार तिन्ही होतात, भाषा निवडता येते, इंटरनेट लागत नाही. पीएनआरचे १० अंक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्यांच्या हाती द्या, आणि त्याच कागदाच्या मागे डब्याचा क्रमांक, बर्थ आणि उतरायच्या स्टेशनच्या आधीच्या स्टेशनचं नाव लिहा.